बैलपाठीची खरवड

त्या वर्षी वाटणीत बैलपाठ आम्हाला आली, तेव्हा मी भर हॉलमध्ये समुद्राच्या दिशेने हात जोडले. सगळे हसले. हसू देत.

थंडी पडायला लागली की आमच्या गालमे गावातली सगळी घरं मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये जमतात आणि समुद्रातले खडक वाटून घेतात. पितळी वाडग्यात लाकडी टिकल्या टाकलेल्या असतात. दोन-दोन घरांच्या जोडीने एक टिकली उचलायची. जो खडक निघेल तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या जोडीचा. भांडण नाही, तंटा नाही. म्हणजे असतो, पण तो हॉलच्या बाहेर, माक्कोली, म्हणजे आमची तांदळाची दारू, पोटात गेल्यावर.

बैलपाठ सगळ्यात चांगली. ओहोटीला ती पाण्यातून वर येते तेव्हा बैल बसल्यासारखी दिसते, म्हणून तिचं नाव ते. तिच्यावर उगवणारा मियोक, म्हणजे आमचा समुद्रातला पाला, माणसाच्या उंचीचा होतो. जाड, काळा, चिवट. बाळंतिणीला जे गरम सूप पाजतात त्याला असाच पाला लागतो, तोही अखंड. मोडलेला चालत नाही, दुमडलेला तर नाहीच. बाजारात बाळंतिणीसाठी म्हणून मागितला की दुकानदार त्याची घडी घालत नाही आणि गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. बाळंतपण सरळ व्हावं म्हणून. आणि माझी सून ह्येरान तेव्हा चौथ्या महिन्यात होती.

"अक्का, टिकली बघ टिकली!" मी माझ्या जोडीदारणीला, फिलनामला, कोपराने ढोसलं. "माझ्या नातवंडाचं नशीब बघ कसं जोरावर आहे!"

तिने टिकली उलटीपालटी केली. "हं," म्हणाली. "बरं झालं."

एवढंच बोलली. मला वाटलं, खांदा ठणकत असेल बिचारीचा.

फिलनाम माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पोरीच्या पाठीवर पोरगाच व्हायला हवा, म्हणून बापाने तिचं नावच फिलनाम, म्हणजे 'पोरगा नक्की', ठेवलं. पोरगा काही झाला नाही, नाव मात्र राहिलं. मी छुक्सान गावची, म्हणून इथे सगळे मला छुक्सानकरीण म्हणतात, लग्न होऊन आले त्या दिवसापासून. माझं खरं नाव आता मतदार यादीलाच माहीत. लग्नानंतर पहिल्यांदा समुद्रात उतरले ती फिलनामच्या बरोबर, आणि तेव्हापासून माझी जोडी तीच. आमच्या धंद्यात एकटीने उतरायचं नाही. दोघींनी उतरायचं. खाली गेलं, कोंडलेला दम संपत आला की वर यायचं आणि तोंडाने तो सोडायचा. तो सोडताना शीळ वाजते. प्रत्येकीची वेगळी. फिलनामची लांब आणि शेवटी तुटलेली. माझी बारीक, चिरकी, "उंदीर चेपल्यासारखी" असं तीच म्हणायची. जोडीदारणीची शीळ ऐकू आली की आपण निर्धास्त खाली जायचं. नाही आली तर हातातलं सगळं टाकून तिच्याकडे जायचं. एकदा जुन्या जाळ्यात माझा पाय अडकला होता. माझी शीळ आली नाही एवढ्यावरून ती आली, दातांनी जाळं तोडलं आणि मला वर काढून आधी एक थोबाडीत मारली. नवरा मेला तेव्हाही मी तिच्याच मांडीवर रडले. सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं.

म्हणून तर मी तिच्या शब्दावर डोकं भादरून घेतलं.

आमच्या गावाच्या उत्तरेला प्लांट आहे. अणुवीज. मी आले तेव्हा एक नंबरची भट्टी उभी राहत होती, मग दोन, तीन, करत करत आता टेकडीच्या पलीकडे घुमटांची रांगच लागलीय. आत भट्टी थंड करायला समुद्राचं पाणी घेतात आणि गरम करून परत सोडतात. उत्तरेकडचे खडक त्यानेच पांढरे पडले. तिकडे पाला धरत नाही, फक्त काटेरी गोळ्यांसारखे समुद्री किडे. तरी दर वेळी नवा नंबर निघाला की कंपनीचे लोक यायचे, टॉवेल वाटायचे, जेवण द्यायचे आणि सांगायचे, हा शेवटचा. अलीकडे त्यांनी एक नवीन टेप लावली होती. स्वच्छ वीज. हॉलवर बॅनर, रस्त्याला बॅनर, टॉवेलवरसुद्धा छापलेलं. जगात उष्णता वाढतेय, कोळसा बंद करायचाय, म्हणून आणखी दोन भट्ट्या पाहिजेत आणि त्यांच्या पाण्याच्या तोंडाला बांध पाहिजे.

तेव्हा फिलनाम उठली होती. जिल्ह्याच्या कचेरीसमोर बसून डोकी भादरायची, असं तिने ठरवलं. आमच्याकडे निषेधाची हीच रीत. मला म्हणाली, "तू बसलीस तर मी बसते." मी बसले. माझा एकुलता मुलगा वॉन्शिक त्याच प्लांटमध्ये, एका ठेकेदाराकडे कामाला. पाइपांची वेल्डिंग तपासतो. आपल्या आईचं पांढरं टक्कल त्याने टीव्हीवर बघितलं, कँटीनमध्ये, शंभर माणसांच्या मध्ये बसून. त्यानंतर त्याने किती तरी दिवस माझा फोन उचलला नाही. मी रात्रीची उशीत तोंड खुपसून रडायचे आणि सकाळी फिलनाम माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "केस येतात गं. समुद्र गेला तर येत नाही."

तर बैलपाठ आली आणि लगेच खरवडायला सुरुवात केली. मियोकचं बी पाण्यातून वाहत येतं आणि स्वच्छ दगड सापडला तरच चिकटतं. म्हणून थंडीच्या तोंडाला खडकावरचं सगळं जुनं, शिंपले, गवत, शेवाळ, लांब दांड्याच्या लोखंडी पात्याने खरवडून काढायचं. नांगरट समजा ना. उथळ जागी खडकावर उभं राहून, लाटा छातीवर घेत. खोल बाजूला बुडी मारून, हातातल्या खुरप्याने.

पहिल्या दिवशी फिलनाम थोडा वेळ खरवडून थांबली. दांडा खाली ठेवला आणि खांदा धरून खडकावर बसली.

"काय गं अक्का?"

"काही नाही. चालू दे तुझं."

"चालू दे काय! जास्त दुखतंय का?"

"दुखतंय," ती म्हणाली. पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी म्हटलं, बस तू. तुझी बाजूही मी करते. आणि केली. आधी माझी बाजू, मग तिची. बैलपाठीची तिची बाजू खोल पाण्याकडची. तिकडे दर बुडीला डोकं बर्फाच्या बादलीत घातल्यासारखं होतं. रबरी पोशाखाच्या मानेतून गार पाणी आत शिरलं की पाठीचा कणाच बधिर. लाट आली की मी पात्यासकट घसरायचे, गुडघे फुटले, अंगठ्याचं नख उपटलं. घरी जाऊन हातात भाताचा वाडगा धरवत नव्हता. फिलनाम वर बसून माझी शीळ ऐकायची. एकदा मला म्हणाली, "एवढं कशाला मरतेस? थोडं राहिलं तर राहू दे."

"राहू दे काय!" मी ओरडले. "सुनेच्या बाळंतपणाचा पाला आहे हा. एक शिंपला ठेवणार नाही मी."

ती खांदा चोळायला लागली. बिचारी, म्हटलं, आपण करू शकत नाही याची लाज वाटते तिला. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी औषधी पट्ट्या नेल्या, खांद्याला लावायला. स्वतःच्या हाताने लावल्या. त्याची मला आजही अशी चीड येते की काय सांगू.

त्याच महिन्यात किमचीचा दिवस आला. थंडीभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, एकदाच घालायची म्हणजे अंगण भरून कोबी. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी वॉन्शिक घरी आला, ह्येरानला घेऊन. ती पोट सांभाळत पाटावर बसली आणि पानापानाला तिखट चोळायला लागली. मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, "अहो आई, बसू द्या ना. घरी बसून यांचं तोंड बघून कंटाळा आलाय."

वॉन्शिक खारवलेले कोबी पिळत होता. थोड्या वेळाने तोंड उघडलं त्याने. "अजून जातेस का गं तू त्यांच्या मोर्च्याला?"

"जाईन नाहीतर राहीन. तुला काय?"

"आई, मी काय तुझा वैरी आहे? तिकडे दक्षिणेला कोळशाच्या चिमण्यांखाली माणसं खोकून मरतात. आमच्या घुमटातून धूर आलेला कधी बघितलास? एकदा तरी?"

"धूर दिसत नाही, बरोबर आहे. पण जळून उरलेलं जे असतं ते कुठे ठेवता रे?"

"आवारात. पाण्याच्या टाक्यांत. एकदम सुरक्षित."

"किती वर्षं?"

त्याने कोबी पिळला. "सरकार जागा शोधतंय."

"मी लग्न होऊन आले तेव्हाही शोधतच होतं. पोरा, घर झाडून कचरा पलंगाखाली सारला तर त्याला मी झाडलं म्हणत नाही."

"बरं," तो म्हणाला, "तो कोपऱ्यातला हीटर. तुझा पोशाख वाळवायला रोज लावतेस ना? तो कशावर चालतो? लाकडावर?"

ह्येरान फिसकन हसली. मलाही हसू आलं, मेल्याने बरोबर पकडलं होतं. पण हसले नाही. "बिल भरते मी," म्हटलं. "फुकट नाही वापरत."

"मग समुद्रही काय फक्त तुमचाच आहे का, तूच सांग. उद्या ही बया जन्माला येणार," त्याने बायकोच्या पोटाकडे बोट केलं, "तिला उन्हाळा सोसवायला हवा का नको? कुठून तरी वीज आणायला लागणारच ना?"

मी पुढचा कोबी पुढ्यात ओढला. खोटं कशाला बोलू? त्याचं तेवढं म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

"ते तुमचं काय ते तुम्ही बघा," ह्येरान मध्येच म्हणाली. "आई, मला मियोक मात्र तुमच्या बैलपाठीचाच हवा. माझी आई फोनवर म्हणत होती, तिकडे प्लांट आहे, मी इकडून पाठवते. मी स्पष्ट नको म्हटलं."

"बघ," वॉन्शिक म्हणाला, "हिला भीती नाही वाटत. म्हणजे स्वच्छच झालं की नाही?"

"तिचा विश्वास माझ्यावर आहे. तुझ्या भट्टीवर नाही." असं म्हणून मी तिखटाने माखलेलं कोबीचं पान त्याच्या तोंडात कोंबलं. त्याने खाल्लं. जाताना त्याने माझे फुटलेले गुडघे बघितले आणि दुसऱ्या दिवशी औषधाची नळी दाराला अडकवून गेला.

थंडी सरत आली तसा बैलपाठीवर पाला धरला. मी ओहोटीला जाऊन बघून यायचे. असा पाला मी आयुष्यात बघितला नव्हता. बोटभर होता तेव्हाच तलम आणि दाट, नुसता खडक झाकून गेलेला. माझ्या बाजूला आणि फिलनामच्या बाजूलाही. मी येऊन तिला सांगायचे आणि ती चहाच्या कपात बघत ऐकायची.

मग एक दिवस धक्क्यावर आम्ही दोघी जुनी जाळी सोडवत बसलो होतो. कंपनीची मोजणीची बोट आली. आतून एक तरणा इंजिनिअर उतरला, हेल्मेटवाला. मला वाटलं पत्ता विचारेल. तो सरळ फिलनामकडे आला आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

"मावशी, खांदा कसा आहे आता? तुम्ही दाखवलेली कड अगदी बरोबर निघाली हं. आमच्या मशीनलाही सापडत नव्हती. बोये सोडले आम्ही आज."

फिलनाम जाळं सोडवत राहिली.

"कुठली कड?" मी विचारलं.

"बैलपाठीची," तो हसत म्हणाला. त्याला वाटलं मलाही ठाऊक आहे. "पाण्याखाली कुठवर जाते ते मावशींनी पाऊस संपल्यावर बोटीत बसून दाखवलं ना आम्हाला. बांधाचा पाया तिथूनच सुरू होणार. पाला निघायच्या आधी दगड टाकायला घेऊ, एप्रिलच्या सुरुवातीला. चला मावशी, येतो."

तो गेला. मी फिलनामच्या हातांकडे बघत होते. ते हात थांबतच नव्हते. एकेक गाठ नीट सोडवत होते.

"अक्का."

तिने पुढची गाठ धरली.

"अक्का, पाऊस संपल्यावर म्हणजे वाटणीच्या आधी."

"हो."

"तू बोटीत बसून दाखवलंस."

"हो म्हटलं ना. किती वेळा विचारशील?"

मी उठले. पायाखाली जाळं होतं, त्यात अडखळले. उठून उभी राहिले पण काय करायचं ते सुचेना. माझा आवाज चिरकला. "मग खरवडायला कशाला लावलंस मला? अगं, तुझी बाजूसुद्धा मी खरवडली! त्या थंडीत! तू वर बसून बघत होतीस!"

तेव्हा तिने मान वर केली. डोळे कोरडे. "सांगू? ऐकशील?" ती म्हणाली. "सोसायटी कधीच हो म्हणून बसली होती. चेअरमन माझा दीर आहे, माझ्याच घरी बसून ठरवलं त्यांनी. मी पंच, मलाही विचारलं. मी हो म्हटलं. सहा वेळा नाही म्हटलं होतं गं आपण. सहाच्या सहा भट्ट्या उभ्या राहिल्या. माझा नवरा अंथरुणात पडलाय, एक बाजू गेलेली. माझा खांदा संपला. मी अजून किती वर्षं डोकं भादरायचं?"

"थकलीस, समजलं," मी म्हणाले. "पण मला का नाही सांगितलंस?"

तिने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग जे बोलली ते मला वाटतं तिला बोलायचं नव्हतं. "तुला सांगितलं असतं तर तू खरवडलं नसतंस. आणि खरवडलेला खडक म्हणजे चालू खडक. न खरवडलेल्याला कंपनी पडीक धरते. भरपाई निम्मी होते. दीर म्हणाला, बैलपाठ तरी चालू दिसली पाहिजे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. माझे गुडघे, माझं नख, तिच्या बाजूच्या त्या बुड्या, सगळं त्यांनी खडकाचा भाव वाढवायला वापरलं होतं. मी नातवंडासाठी म्हणून खडक घासत होते आणि ती वर बसून माझी शीळ ऐकत होती.

"तुझाही वाटा आहे त्यात," ती म्हणाली.

"थू तुझ्या वाट्यावर," मी म्हणाले. "माझा पोरगा माझ्या तोंडावर माझ्याविरुद्ध बोलला. जे बोलायचं ते समोर बोलला. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतीस."

तिथून मी चालत घरी आले. रस्त्यात प्रत्येक खांबाला तो बॅनर. स्वच्छ वीज. त्या दिवशी मला कंपनीचा रागही येईना, एवढी फिलनामवरच्या रागाने भरले होते. कंपनी परकीच होती. परक्याने लुबाडलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे शिव्या कुणाला देणार? जेवायला बसले की तिची आठवण, अंथरुणावर पडले की तिची आठवण. चाळीस वर्षांच्या सवयीचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

एप्रिल उजाडला. समुद्रात नारिंगी बोयांची माळ पडली. पलीकडे दगडांचा तराफा येऊन उभा राहिला. सोसायटीच्या भोंग्यावरून सांगितलं, अमुक तारखेपासून समुद्र बंद, कुणी उतरायचं नाही. ज्या घरांनी मान्यता दिली त्यांच्यातल्या काहींना कंपनीने राखणीची नोकरी दिली. नारिंगी जाकीट, गळ्यात प्लास्टिकची शिट्टी, धक्क्यावर उभं राहायचं आणि पाण्यात कुणी दिसलं की वाजवायची. बैलपाठीसमोरच्या धक्क्यावर फिलनाम होती. दुसरं कोण असणार?

ह्येरानचे दिवस भरले होते. मी वॉन्शिकला सांगितलं नाही. तराफा दगड टाकायला सुरुवात करणार त्याच्या आदल्या सकाळी पोशाख चढवला, शिशाचा पट्टा कमरेला बांधला, विळा घेतला आणि मागच्या खाडीतून उतरले. एकटी. आयुष्यात पहिल्यांदा एकटी.

धुकं होतं. पाणी अजून गारच. बैलपाठीपाशी बुडी मारली आणि खाली बघते तर काय सांगू तुम्हाला. माझा पाला! माणसाएवढा, काळाभोर, लाटेबरोबर सगळा एकदम इकडे वळतोय, एकदम तिकडे. एक इंच दगड उघडा नव्हता. मला पाण्यातच रडू फुटलं. रडताना दम जातो, म्हणून रडू आवरलं आणि कापायला लागले. मुळापासून, अखंड, एकेक करून. पाण्यावरच्या माझ्या तरंग्याला बांधलेल्या जाळीत न दुमडता सोडत गेले.

वर आले, दम सोडला. माझी चिरकी शीळ धुक्यात वाजली. आणि लगेच धक्क्यावरून प्लास्टिकची शिट्टी. कर्कश्श. एक, दोन, तीन.

"बाहेर या! बंद आहे समुद्र! कोण आहे तिथे?"

कोण आहे म्हणे. माझी शीळ तिला ठाऊक नव्हती? मी पुन्हा खाली गेले. कापलं, वर आले, दम सोडला. शीळ वाजली. पुन्हा शिट्टी. मग हळू आवाजात, जवळजवळ विनवल्यासारखं, "छुक्सानकरणी, ये गं बाहेर. माझी नोकरी जाईल."

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं ठाऊक नाही. मी तिसऱ्यांदा खाली गेले आणि खालून पोहत बैलपाठीच्या मागे आले, तिच्या बाजूला, त्या खोल बाजूला. तिथून धक्का दिसत नाही. डोकं वर काढलं. दम छातीत तुंबलेला, ओठांवर शीळ आलेली. मी ओठ दाबले. तोंड मोठं उघडून, आवाज न करता, थोडा थोडा दम सोडला. खूप अवघड असतं ते. कुत्र्यासारखं धापायला होतं. पण आवाज नाही केला.

धक्क्यावर शांत झालं. मग शिट्टी वाजली, एकदा. मग वाजली नाही.

"छुक्सानकरणी!"

मी खडकाला धरून राहिले.

"अगं शीळ घाल! कुठे आहेस? शीळ घाल गं!"

तिचा आवाज फुटायला लागला. मग पाण्यात काही तरी पडल्याचा आवाज. मी खडकाच्या कडेने डोकावले. ती उतरली होती. बुटांसकट, जाकिटासकट, पोशाख नाही, काही नाही. कमरेपर्यंत पाण्यात, एक हात वर धरलेला, दुसरा खांद्यापासून लोंबतोय, आणि मान इकडून तिकडे. दातांनी जाळं तोडणारी माझी फिलनाम. माझ्या घशात शीळ अशी आली होती की बाहेर पडली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी गिळली. पाला घेतला आणि धुक्यातून मागच्या खाडीकडे पोहत निघाले. तिच्या हाका पाठीमागून येत होत्या.

वॉन्शिकच्या घरी पोचले तेव्हा पोशाखातून पाणी गळत होतं. ह्येरानला सकाळपासूनच कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्याची बॅग दाराशी होती. मी पाला लांबच्या लांब, दोन खुर्च्यांवर, न दुमडता अंथरला. ती एका हाताने पोट धरून बघत राहिली. "आई," म्हणाली, "केवढा हा!"

वॉन्शिकने माझ्या अंगावर टॉवेल टाकला. त्याच टॉवेलांतला होता, छापील. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. "चेअरमन आहे. गावच्या बोटी समुद्रात सोडतायत, तुला शोधायला. फिलनाम मावशी पाण्यातून बाहेर यायला तयार नाही म्हणे. ओढायला गेलेल्या माणसाला चावली."

"बोटी थांबव म्हणावं. घरी आहे, सांग."

त्याने तसं सांगितलं. मग फोनवर हात ठेवला. "आणि मावशीला? ते विचारतायत, मावशीला काय सांगू?"

"तिला एवढ्यात काही सांगू नका म्हणावं," मी म्हणाले. "मी महिनाभर उभी होते त्या पाण्यात. तिला ठाऊक होतं आणि तिने मला सांगितलं नाही. तिला दुपारपर्यंत उभी राहू दे."

वॉन्शिक फोन धरून तसाच उभा राहिला. ह्येरानने माझ्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. मी चुलीवर सुपाचं पाणी ठेवलं.